मामंजींचे कान

माझे सासरे वीरण्णाचारी दगडाचे तीनच प्रकार मानत. शिजलेला, साचलेला आणि सोसलेला. आमच्या कोलारच्या डोंगरातला शिजलेला. पृथ्वीच्या पोटात त्याचा रस होता, तो सावकाश निवला, म्हणून त्यात दाणे चमकतात. पडवीतली शहाबादी फरशी साचलेली. कुठल्या तरी जुन्या समुद्राचा गाळ थरावर थर बसून दगड झाला. आणि मूर्तीची काळी शिळा सोसलेली.

"वरून डोंगराचं ओझं, खालून आग. वितळली नाही, पण पहिल्यासारखीही राहिली नाही. आमच्या नागरत्नासारखी," असं म्हणून ते माझ्याकडे बघून मिश्कील हसत.

"ओझं कुणाचं, ते नका सांगू म्हणजे झालं," मी म्हणायची.

मूर्तीची शिळा ते हातोडीने ठोकून आवाजावरून निवडत. झांजेसारखी वाजली तर देवीची. बद्द बोलली तर पोटात चीर आहे, ती पायरीला. चाळीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

दोन वर्षांपूर्वी एकदा सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मी ठोकताना समोर उभी राहत जा." मी समजले. जवळचं बोलणं ते ओठांवरून ओळखत, पण शिळेचा आवाज त्यांना येईनासा झाला होता. मी समोर उभी राहून मान हलवायची आणि ते निवाडा द्यायचे. याबद्दल आम्ही एक अक्षरही बोललो नाही.

मग शेजारच्या गावाचे लोक ग्रामदेवीची शिळा निवडायला आले. ठोकताना कुणी तोंड उघडायचं नाही, अपशकुन होतो, असा आमचा रिवाज. पहिलीच शिळा बद्द बोलली. मी जोरात नकाराची मान हलवली, पण मध्ये त्यांचे गौडा, म्हणजे पाटील, उभे होते. शिळेचा काळाभोर रंग बघून गौडांनी खुशीत मान डोलावली. मामंजींना तेवढीच मान दिसली.

"हीच!" ते म्हणाले. लगेच शिळेला कुंकू लागलं. मी गप्प राहिले. तेव्हा बोलले असते तर त्यांचं बहिरेपण चारचौघांत उघडं पडलं असतं. आणि रात्री जेवताना ते इतके आनंदात होते, की तेव्हाही माझा धीर झाला नाही.

पाच महिने मूर्ती घडत होती. गौडा बघायला आले त्या दिवशी डोळ्यांचं शेवटचं काम चाललं होतं. कट्ट असा आवाज झाला. अंगणातला प्रत्येक माणूस दचकला. मामंजी मात्र छिन्नी चालवतच राहिले. मी धावत जाऊन त्यांचा हात धरला, तेव्हा त्यांना देवीच्या गालावरची चीर दिसली.

त्यांनी चिरेवरून बोट फिरवलं. मग माझ्याकडे वळले. "तुला त्या दिवशीच कळलं होतं?"

"हो, मामंजी."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमची लाज राखायला." मला रडू आवरेना.

"माझी कसली राखतेस, वेडे? देवीची राखायची होती."

नवी शिळा आली तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर हातोडी माझ्या हातात दिली. "मला ऐकू येत नाही. ही ठोकेल, आणि मोठ्याने सांगेल."

"बाई? आणि बोलणार?" गौडा पुटपुटले. मामंजींनी तिकडे लक्षच दिलं नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते.