सहा ते दहा, पाण्याचा पंप

माझ्या भावोजींच्या तळहातांना चटका कळत नाही, हे फक्त ताईला आणि मला ठाऊक. तीस वर्षं लोखंड वितळवायच्या भट्टीवर काढली त्यांनी, कातडी पार मेली. कढत चहाचा पेला असा धरतात की बघणाराच हात झटकतो. पण कारखान्यात हे बोलायची सोय नाही. भट्टीवरच्या माणसाला ऊन-गार कळेना म्हटलं की त्याला घरी बसवतात, आणि भावोजींना घरी बसवणं म्हणजे जिवंतपणी गाडणं.

भट्टीभोवती तांब्याच्या नळीतून थंड पाणी फिरतं. पूर्वी ते नळीला हात लावून बघायचे आणि मगच तपासणीला भट्टीखाली उतरायचे. हातांची जाण गेल्यावर मला फोन करू लागले, कारण कारखान्यातली विजेची सगळी बटणं, पाण्याच्या पंपाचंही, माझ्या खोलीत.

मग नवे साहेब आले. संध्याकाळी सहा ते दहा वीज सगळ्यात महाग, म्हणून जड यंत्रं त्या वेळात बंद आणि भट्टी दुपारी, स्वस्त विजेवर. डोकं होतं माणसाला, उगाच नावं कशाला ठेवू? बिल खरंच उतरलं. पण बंद करायच्या यादीत त्यांनी पाण्याचा पंपही घातला.

भावोजी म्हणाले, "साहेब, चूल विझली म्हणून तवा लगेच हातात घेता का? आत धग असते. पाणी थांबलं तर नळीतच उकळेल, फुटेल."

साहेब हसले. यादी माझ्या भिंतीवर चिकटली.

मी गुपचूप पंप चालू ठेवायचो. रोज सहा वाजून दहा मिनिटांनी फोन यायचा.

"काय मेहुणे, पाणी?"

"आहे, भावोजी."

दोन महिने असे गेले. मग एका संध्याकाळी सहाला साहेब माझ्या खोलीत आले आणि वीजवापर दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेघेतल्या छोट्या उंचवट्यावर बोट ठेवलं.

"ही वीज कोण खातंय?"

"मीटरचा घोळ असेल, बघतो," म्हणत मी हळूच पंपाचं बटण खाली केलं. रेघ सपाट झाली. साहेब खूश होऊन खुर्चीत टेकले.

तेवढ्यात फोन वाजला.

"काय मेहुणे, पाणी?"

नाही म्हणावं तर दोन महिन्यांची चोरी उघडी. साहेब उठले की लगेच चालू करू, दोन मिनिटांचा तर प्रश्न, असं मनाशी म्हणालो आणि तोंडातून नेहमीचंच निघालं. "आहे, भावोजी."

साहेब उठलेच नाहीत. मुलाच्या परीक्षेचं सांगत बसले. मी मान डोलवत होतो, डोळे घड्याळावर. साडेसहाला भट्टीकडून आवाज आला.

नळी फुटली, वाफेने भावोजींचा चेहरा भाजला, डावा डोळा गेला. चौकशीला ते पट्ट्या बांधूनच आले. म्हणाले, "पाणी चालू होतं. मेहुण्याला विचारल्याशिवाय मी कधी खाली उतरत नाही. नळीच जुनी असणार." साहेबांनी यादीचं नाव काढलं नाही, सगळ्यांनी तेच लिहून घेतलं. मी शेजारीच बसलो होतो. नालायक माणूस मी, एक शब्द बोललो नाही.

सोमवारपासून भावोजी परत कामावर येताहेत. यादी अजून माझ्या भिंतीवर आहे, आणि तिच्यात पंपही आहे. साहेब आता रोज सहाला माझ्याकडे येऊन बसतात. ताई जाऊ द्यायला तयार नव्हती, शेवटी एका अटीवर हो म्हणाली: "माझ्या भावाला विचारल्याशिवाय भट्टीखाली उतरायचं नाही."