दाजींचा रेडिओ आणि सहा तांबे

दाजींचा ट्रान्झिस्टर मी मारला. अडाणीपणानं नाही, शिकून मारला!

परभणीला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होतो, सुट्टीत पेडगावला घरी आलेलो. ताईचं नुकतंच लग्न झालेलं. दाजी पहिल्यांदाच मुक्कामाला आले, ते आबांनी लग्नात दिलेला ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवून. (जेवतानाही काढत नसत!) दुसऱ्याच दिवशी त्याचे सेल संपले. गावातल्या दुकानातही नव्हते.

"बातम्या न्हाईत, काई न्हाई. असल्या गावात मानसानं राहावं कसं?" दाजी फुगले.

जावयावर चिडता येत नाही, म्हणून आबा माझ्यावर चिडले. "आन तू काय बघायलास? कालेजात शिकतूस का माशा मारतूस?"

माझं डोकंच फिरलं. "सेल पायजेत ना? मी बनवतो!"

डॅनियलचा सेल मला तोंडपाठ होता. तांब्याच्या भांड्यात मोरचुदाचं पाणी, त्यात मातीचं बोळकं, बोळक्यात मिठाचं पाणी आणि जस्त. तांब्याचं विभव अधिक ०.३४, जस्ताचं उणे ०.७६, फरक १.१ व्होल्ट. असे सहा सेल ओळीनं जोडले की साडेसहाच्या वर. रेडिओला सहाच व्होल्ट लागतात. म्हणजे वर शिल्लक!

मोरचूद फवारणीसाठी आणलेलं घरातच होतं. तांबे दोनच, चार शेजारून "पाहुणे आलेत" म्हणून आणले. जस्त? सेलचं कवच जस्ताचंच असतं. रेडिओतले चार फोडले. आणखी दोन हवे होते, ते आबांच्या बॅटरीतले काढून फोडले.

"आरं, त्ये चांगले व्हते की!" आबा कडाडले. "चांगले सेल फोडून सेल करायलास?"

तेवढ्यात आई आली. "मोरचूद? प्यायच्या तांब्यात? आन त्ये बी लोकाच्या? इख हाय त्ये, मुडद्या!" तिनं हातातली फुंकणी भिरकावली. ती मला चुकवून तांब्याला लागली आणि निळं पाणी थेट दाजींच्या पांढऱ्या पँटीवर. लग्नातली पँट!

दाजी ताडकन उठले. "बास. निघालो मी!"

"दाजी, दोनच मिनिटं! बातम्या ऐकून जा." मी तांब्या परत भरला, तारा जोडल्या आणि जस्ताकडची तार रेडिओच्या अधिक टोकाला लावायला घेतली.

"उलटं तर न्हाई ना लावायलास?" ताई म्हणाली.

"तुला काय कळतं गं? जस्त म्हणजे ॲनोड, आन ॲनोड म्हणजे धन!" मी खेकसलो. (ॲनोड धन असतो, खरंय. पण विद्युत विघटनाच्या धड्यात! सेलमध्ये तो ऋण असतो, आणि नेमकं तेच पान मी परीक्षेला ऑप्शनला टाकलेलं.)

रेडिओ 'खर्रर्र' झाला, करपल्याचा वास आला, आणि गप्प.

दाजी एकटेच एस्टीनं गेले. जाताना ताईला म्हणाले, "रेडिओ नीट झाला की त्यो घिऊनच ये!" ताई रडली, आईनं मला शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी आबा मला परभणीच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेले. त्यानं झाकण उघडलं आणि तो हसायलाच लागला.

"तारा उलट्या लावल्या व्हय? हुईल नीट. पर कोन्या अडान्याचं काम हाय हे?"

"पाहुण्यांचं," मी घाईघाईनं म्हणालो. "शिकलेले नाहीत फार."

आबांनी माझी मानगूट धरून मला पुढे ढकललं. "अडानी न्हाई वो, ह्यो बी.एस्सी. करायलाय. अडान्याला हे जमलं नसतं!"