देवघरातला मोर

आमच्या देवघरात एक चांदीचं नाणं होतं. एका बाजूला पिसारा फुलवलेला मोर, दुसऱ्या बाजूला पानांच्या वेलीत गोलगोल अक्षरं. बाबा सांगत, आपले पूर्वज झाशीच्या फौजेत होते, त्यांना मिळालेलं बक्षीस आहे ते. एका दिवाळीत ते चिंचेनं घासताना मला पहिल्यांदाच प्रश्न पडला, ही अक्षरं कुठली? मोडी नाहीत, फारसी नाहीत.

"जुनी आहेत," एवढंच बाबा म्हणाले.

मी नाणं रुमालात बांधून आमच्या झाशीतल्याच मानिक चौकातल्या सराफाकडे गेले. त्यानं ते उलटसुलट करून पाहिलं. "चाँदी खरी है बहनजी, पर लिखावट अपने यहाँ की नहीं. मद्रास की तरफ की होगी."

मी रेल्वेच्या ऑफिसात होते. तिथल्या एका तेलुगू सहकाऱ्याला दाखवलं, तर तो हसायलाच लागला. "गोल है तो हमारी हो गई क्या?" पण नाणं परत देता देता थबकला. त्याच्या शेजारच्या बाई रंगूनला जन्मलेल्या होत्या. दुसऱ्या महायुद्धात आईवडिलांबरोबर चालत इकडे आल्या होत्या. "उनसे पूछिए," तो म्हणाला.

रविवारी त्यांच्या घरी गेले. बाईंनी हात पुसून नाणं घेतलं, खिडकीशी नेलं आणि एकेका अक्षरावर नख ठेवत पुटपुटू लागल्या. मध्येच अडल्या, मागे गेल्या, पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळल्या. "बर्मा का है. वहाँ के राजा का. मोर उसी की निशानी थी." या लिपीतलं काही वाचून त्यांना कितीतरी वर्षं झाली होती. नाणं त्यांच्या हातून लवकर सुटेना.

घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा रागावतील असं वाटलं होतं. पण त्यांनी नाणं हातात घेऊन मोरावरून अंगठा फिरवला. म्हणाले, "माझे एक काका पलटणीतून ब्रह्मदेशात गेले होते. त्यांनीच आणलं असेल. मला कसं सुचलं नाही?"

पुढच्या रविवारी बाबा स्वतःच टोपी घालून निघाले. बाईंसमोर बसल्यावर आधी संकोचले, मग म्हणाले, "हमारे काका छुट्टी पर आते तो हम बच्चों से कुछ कहते थे. थमीन सा पी बी ला. हम समझते थे, कोई मंत्र है."

बाईंनी तोंडाला पदर लावला. हसत होत्या की रडत होत्या, मला कळेना.

"मंत्र नहीं, भाईसाहब. पूछते थे, खाना खाया?"

बाबा माझ्याकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "जेवलास का विचारायचे गं! आणि आम्ही हात जोडून उभे राहायचो." मग बाईंना विचारलं, "इसका जवाब क्या देते हैं?"

बाईंनी सांगितलं. बाबांनी तीनदा म्हणून पाहिलं.