भुट्ट्याचे मोजे

दवाखान्यात माझी बायको गिरजा शेवटचं बोलली ते असं : "अवो, भुट्ट्यांले मोजे घातले का? पोपट येऊन राहिले असतील." मी म्हटलं, घरी जाऊन घालतो. तिनं डोळे मिटले... तेरवीले जो तो विचारे, शेवटी देवाचं नाव घेतलं का? मी सांगितलं, पोपटाचं घेतलं. लोकांले आवडलं नाही. मी काय करू?

आमचा जावई जहाजावर आचारी आहे. दुसऱ्यांचे जावई अत्तर आणतात. आमच्याले गिरजाचा हुकूम होता, जिथं बंदर लागेल तिथला मका आण. त्यानं मेक्सिकोचा निळा आणला, आफ्रिकेचा पांढरा आणला, दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरातला मोठ्या दाण्याचाही आणला. तिकडे डोंगराले पायऱ्या पाडून पेरतात, असं तो बोलून गेला. झालं! हिनं आमच्या मानेवाड्यातल्या घराच्या अंगणात विटांच्या पायऱ्या रचल्या. तो मका छपराच्या वर गेला, भुट्टा एक नाही. "जावयावर गेला. नुसताच उंच," म्हणाली. जावई समोरच जेवत होता. मेक्सिकोत मक्याच्या बुडाशी घेवडा आणि भोपळा लावतात म्हणे. आमच्याकडे घेवडा मक्यावर चढला, भोपळा माझ्या सायकलवर.

पुढच्या साली तिनं सगळे मके शेजारी शेजारी पेरले. भुट्टा सोलला, तर एकातच पिवळे, निळे, पांढरे दाणे! "तुमीच बी मिसळवलं!" मी हातही लावला नव्हता. जावयानं समजावलं, तुऱ्याची भुकटी वाऱ्यानं उडून दुसऱ्या मक्यावर पडते, मके लांब लांब पेरा. मी हिले म्हटलं, "लांब म्हणजे कुठं वं, उमरेडले?" पण तिनं बियाण्याले तेच रंगीबेरंगी ठेवले. दर साली तेच पेरायची.

अन् मोजे माझे. पोपटाची चोच आत जाऊ नये म्हणून ती त्यांची भोकं शिवायची. भुट्ट्यांले शिवलेले मोजे, माझ्या पायात भोकाचे.

ती गेली त्या गडबडीत अंगणाकडे कोणी पाहिलं नाही. पोपटांनी सगळं खाल्लं. एका भुट्ट्याले तिनं आधीच मोजा घातला होता, तेवढा वाचला. पोरगी म्हणाली, "बाबा, आईच्या फोटोजवळ काचेत ठेवू."

"काचेत ठेवला तर पुढं उगवणार नाही. ती गेली तेवढं पुरे."

पोरगी रडली. मग तिनंच खड्डे केले.

रोपं आता माझ्या गुडघ्याले लागतात. भुट्टे यायले वेळ आहे. मी मोजे धुतले, चष्मा लावून भोकं शिवून राहिलो. टाके वाकडे पडतात. पोपट तारेवर बसून पाहून राहिले.