अर्धी मूठ मीठ

मी तोंडाचा फटकळ माणूस. हे कौतुकाने सांगत नाही, पण लपवण्यातही अर्थ नाही, कारण धसई ते मुरबाड ज्यांनी माझ्याकडून तिकीट घेतलंय त्या सगळ्यांना ते माहीत आहे. जन्म गाडीवर कंडक्टर म्हणून गेला. "पुढे सरका, मागे काय देव आहे?" असं दिवसातून पन्नासदा बोलून जिभेला वळण पडतं, आणि घरी आल्यावर ते वळण काही गणवेशाबरोबर काढून ठेवता येत नाही. बायकोने ताट पुढे ठेवलं, पहिला घास तोंडात गेला, की मी निकाल द्यायचो. मीठ कमी. तिखट चढलंय. लसूण करपली. चांगलं झालेलं असलं तर मी गप जेवायचो. गप म्हणजे पास, असं माझं आपलं ठरलेलं, आणि ते तिला कळतं असं मी धरून चाललो होतो.

तिच्या हातचं मटण चांगलंच असायचं. आता हे लिहायला काही जड जात नाही बघा. चैत्रात ती वर्षाचा लाल मसाला करायची. मिरच्या अंगणात वाळवायच्या, धणे, खसखस, दगडफूल भाजून घ्यायचं आणि सगळं डोक्यावर घेऊन मुरबाडच्या गिरणीत कांडायला न्यायचं. पण खरा जीव ती मटण मुरवण्यात घालायची. कोथिंबीर, आलं, लसूण, दोन हिरव्या मिरच्या पाट्यावर वाटायची. मिक्सर घरात आला तरी हे वाटण पाट्यावरच. त्यात हळद, तो लाल मसाला, मीठ. मग एकेक तुकडा हातात घेऊन बोटांनी चोळायचा आणि टोपावर ताट झाकून तासभर ठेवून द्यायचं. तासाने ती ताट उचलायची आणि टोपात नाक घालायची. कच्चं मटण काही चाखता येत नाही, सगळा भरवसा नाकावर. "मुरलंय," म्हणायची, नाहीतर "जरा मीठ मागतंय." मिठाला वास नसतो म्हणतात. तिला यायचा.

किलोला अर्धी मूठ मीठ, हे तिचं माप. मूठ तिची. हात इतका लहान की कासारीण तिला पोरीबाळींच्या मापाच्या बांगड्या काढून द्यायची.

आमच्याकडे भाताची लावणी उरकली की शेताच्या बांधावर राखणेचा कोंबडा देतात. कोंबडा तिथेच मुरवायचा, तिथेच तीन दगडांवर शिजवायचा. पहिलं पान शेताच्या देवाला. ते ठेवेपर्यंत कुणी चाखायचं नाही, वाससुद्धा घ्यायचा नाही. राखणेच्या दिवशी तिचा नाकावरचाही भरवसा बंद, फक्त हात. आणि इतक्या वर्षांत राखणेचा कोंबडा एकदाही चुकला नव्हता.

कोरोनाचा ताप आमच्या घरात आला तेव्हा आम्ही दोघंच होतो. मुलगा आणि सून कल्याणला, नोकरीमुळे. दोघंही तापात पडलो, दोघांचाही वास गेला. माझा दहा-बारा दिवसांत परत आला, आणि कशाने आला तेही आठवतं, सुक्या बोंबलाने. मी तिला विचारलं, "तुझा आला काय गो?" ती भाकरी थापत होती. म्हणाली, "यील." मी म्हटलं, "लवकर आण. नायतर काय, मुरबाडच्या हॉटेलातनं डबा लावायचा काय मी?" गंमत म्हणून बोललो. दुसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं, "आला हां वास." मी पुढे काही विचारलं नाही.

त्यानंतर घरातलं जेवण बिघडलं. एक दिवस अळणी, दुसऱ्या दिवशी खारट. फोडणीत लसूण काळी व्हायची आणि ती शेजारी उभी असून तिला पत्ता नसायचा. मी रोज बोलत होतो. मग कधीतरी तिने बाजारातून स्टीलचा मापाचा चमचा आणला आणि चुलीमागच्या खिळ्याला टांगला. सगळं त्याने मोजून घालायला लागली. जन्मभर जिने डोळ्यांनीही मोजलं नाही, ती चमच्यावर बोट फिरवून मीठ सपाट करायची. मी म्हटलं, "दुकान टाकलंस काय?" ती पुढचा चमचा भरायला लागली.

त्या वर्षीची राखण आली. बांधावर चमचा नव्हता, चाखायचं नव्हतं, वास घ्यायचा नव्हता. तिने हातानेच मसाला चोळला, अर्धी मूठ मीठ टाकलं, आणि कोंबडा असा झाला की भावकीतल्या माणसांनी हाडंसुद्धा सोडली नाहीत. मलाही चांगला लागला तो. पण माझ्या तोंडून काय निघावं? "देवाचं बरोबर करता येतं. घरच्यांवरच राग दिसतोय." सगळे हसले. तीही हसली. ते हसणं मला आजही दिसतं.

पुढच्या वर्षी श्रावण लागायच्या आधीच्या रविवारी मुलाचे सासू-सासरे खर्डीहून जेवायला यायचे होते. तिने आदल्या दिवशीच कांदा-खोबरं भाजून रश्शाचं वाटण केलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. नेमकी संध्याकाळी लाइट गेली ती दुसऱ्या दिवशी दहाला आली. वाटण आंबलं होतं. झाकण काढल्याबरोबर कुणालाही कळलं असतं. पण मी पाहुण्यांना शेत दाखवायला गेलेलो, मुलगा-सूनही आमच्याच बरोबर शेतावर, स्वयंपाकघरात ती एकटी. तिने ते सगळं वाटण कोंबडीच्या टोपात ओतलं.

पानं वाढली. रस्सा ताटात पडला आणि आंबूस भपकारा आला. व्याही चांगला माणूस, मान खाली घालून भाकरीचा तुकडा मोडत बसला. मी ताट सरकवलं आणि सगळ्यांच्या देखत म्हणालो, "देवानं नाक काय नुसतं नथ घालायला दिलंय काय तुला?"

ती वाढता वाढता थांबली. "चुकलं माझं," एवढं म्हणाली आणि टोप उचलून मागच्या दारी घेऊन गेली. आम्ही लोणचं आणि डाळीवर जेवलो.

जेवणं झाल्यावर मी मोरीवर हात धुवायला गेलो तर सून तिथे भांडी घासत होती. तिने नळ बंद केला. "बाबा, एक बोलू? रागवायचं तर रागवा. आईंना वास येत नाय. तापापासून येत नाय. चव पण नीट लागत नाय त्यांना. मी रविवारी येते तवा मी वास घेऊन सांगते, बाकीचे दिवस त्या अंदाजानं करतात. तुमाला सांगू नको बोलल्या म्हणून मी एवढा टाइम गप होते."

मी हात पुसले की नाही ते आठवत नाही. मागच्या दारी फणसाखाली ती टोप खरवडत बसली होती.

"मला का नाय सांगितलंस?"

"सांगून? तुमी रोज नाकावरनं बोलला असता." तिचा आवाज चढला नव्हता. खरं तेच ती सांगत होती. मग टोप बाजूला ठेवून म्हणाली, "मला स्वतःला कायच कळत नाय आता. ताट वाढलं की मी तुमच्या तोंडाकडं बघत बसते. तुमी कमी बोललात की कमी आहे, जास्त बोललात की जास्त आहे, तेवढं कळतं. पण गप जेवलात की मी काय समजायचं? बरोबर झालं असलं तर बरोबर झालं, असं बोला ना एकदा. मी दुसरं काय मागत नाय तुमच्याकडं."

मी "बरं" म्हणालो. बायकोने आयुष्यात एक गोष्ट तोंडाने मागितली आणि मी "बरं" म्हणून घरात गेलो. स्वतःची लाज वाटत होती, आणि लाज वाटली की मी आणखी तुटक होतो, हा माझा जुना रोग आहे.

तिला कल्याणला डॉक्टरकडे नेलं. त्याने सांगितलं, फार दिवस गेले, आता आशा कमी. येताना गाडीत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मी म्हटलं, "माझं नाक आहे ना." ती वळून बघायला लागली. एवढं गोड मी लग्नातही बोललो नसेन.

तेव्हापासून मटण असलं की मी पाट्याशेजारी पाट टाकून बसायचो. ती चोळायची, झाकायची, तासाने ताट उचलून टोप माझ्यापुढे धरायची. मी वास घ्यायचो. लसणीचा उग्रपणा गेला असला आणि कोथिंबीर-मसाल्याचा एकच वास आला की मी म्हणायचो, "मुरलंय." नसलं तर, "थांब अजून." फोडणीपाशीही मी उभा. "काढ काढ, लाल झाली लसूण." ती म्हणायची, "कंडक्टर, घंटा मारा आता," आणि मी झाऱ्याने टोपावर दोनदा वाजवायचो. चांगले दिवस होते ते. म्हातारपणी मला माझ्या घरात मसाला कसा होतो ते कळलं.

आणि तरीसुद्धा ताट पुढे आलं की ते शब्द यायचे नाहीत. मी घास घ्यायचो, ती समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायची. कमी असलं तर कमी म्हणायचो, ते सोपं होतं. बरोबर असलं की माझी जीभ अडायची. आज बरोबर म्हटलं आणि तिने विचारलं, मग इतकी वर्षं काय झालं होतं, तर काय सांगू? तिने विचारलं नसतं. ती तशी नव्हतीच. पण मी मान हलवायचो आणि पुढचा घास घ्यायचो. मान हलवली ती तिला दिसली असेल, असं मी मनाला सांगतो. मनाशी एक ठरवलं होतं. त्या सालची राखण होऊन गेली होती, तर येत्या राखणेला, बांधावर, भावकीसमोर मोठ्याने बोलायचं. जिथे तिचं हसं केलं तिथेच बोलायचं.

ती फाल्गुनात गेली. सकाळी छातीत कळ आली, मुरबाडला नेली, तिथून कल्याणला नेताना वाटेतच संपली. मी बाजूलाच बसलो होतो, तिचा हात धरून. एवढा लहान हात.

तेराव्यानंतर आमच्यात तिखटाचं जेवण करतात. सुतकभर घरात मटण-मासळी शिजलेली नसते, त्या दिवशी मटण होतं आणि पहिलं पान गेलेल्या माणसाचं निघतं. तिथेही नियम राखणेचाच. तिचं पान बाहेर ठेवेपर्यंत कुणी चाखायचं नाही. सून म्हणाली, "बाबा, मी मुरवते." मी म्हटलं, "नको. तिच्या पानाचं मी करतो."

पाट्यावर वाटण मीच वाटलं. हातांची आग झाली. तिने केलेल्या लाल मसाल्याची बरणी अर्धी होती, त्यातूनच मसाला घेतला. एकेक तुकडा चोळला. समोर खिळ्याला तो मापाचा चमचा टांगलेला होता. त्याला मी नावं ठेवली होती, आता कुठल्या तोंडाने हात लावायचा? तीन किलो मटण होतं. किलोला अर्धी मूठ. मी मिठाच्या बरणीत हात घातला आणि तीन वेळा अर्धी मूठ भरून टाकलं. तासभर टोपाशेजारी बसून राहिलो. ताट उचललं तेव्हा वास घ्यायला नाक पुढे गेलं आणि मी ते मागे घेतलं.

मुलाने तिचं पान मागच्या दारी फणसाखाली ठेवलं. बऱ्याच वेळाने कावळा आला, शिवून गेला. मग सुनेने टोपातला रस्सा तळहातावर घेऊन चाखला. तिने नवऱ्याकडे बघितलं आणि ती वाढायला लागली.

मी पहिला घास घेतला. मिठाने जीभ भाजली. तेव्हा मला कळलं, मी काय करून बसलो ते. मूठ तिची होती. ती अर्धी मूठ तिच्या हाताची होती, आणि मी माझ्या या पंजाने तीनदा भरून टाकलं होतं. तिचे दोन हात माझ्या एका हातात मावायचे, हे मला ठाऊक होतं. शेवटचा हात धरला तेव्हाही मी तेच बघत होतो.

पंगत जेवत राहिली. व्याही खाली मान घालून जेवत होता. सून कळशी घेऊन फिरत होती, सगळ्यांचे पेले भरत होती, परत भरत होती. मी मुलाकडे बघितलं. बघत राहिलो, जशी ती माझ्याकडे बघायची.

त्याने घास गिळला, पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाला, "बरोबर झालंय, बाबा."

पोरगा खोटं बोलत होता, आणि किती सहज बोलला. मला ते खरं असतानाही कधी बोलता आलं नाही. मी आणखी रस्सा वाढायला सांगितला आणि पाणी न पिता सगळा जेवलो.