बेण्याच्या हळदीचा चहा

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझे सासरे भिंतीशी बोलत होतो. थट्टा नाही, खरंच. ते ओसरीत बसून समोरच्या भिंतीला म्हणायचे, "आज वरणात मीठ नाही वाट्टे." मी स्वयंपाकघरातून शेगडीला सांगायची, "ज्याले पाह्यजे त्यानं वरून घ्यावं." मधल्यामधे नवऱ्याचा जीव जायचा. दोघांकडे बघून तो नुसता "बाप्पा, बाप्पा" करत राहायचा.

भांडण लेकीवरून झालं होतं. तिला नागपूरला नर्सिंगला प्रवेश मिळाला आणि सासऱ्यांनी पाहुण्यांसमोर ठणकावलं, "एवढ्या दूर पोरगी नाही जाणार." मीही पाहुण्यांसमोरच म्हटलं, "पोरगी माही हाय, जाईन." लेक गेली. ती एसटीत बसली त्या दिवशी आजोबा स्टँडवर आले नाहीत. शेतात पाणी सोडायचं होतं म्हणे! लेक खिडकीतून मान काढून रस्त्याकडे बघत होती, ते मी पाहिलं. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. सहा महिने झाले, सात व्हायला आले, तरी ना ते हलले ना मी.

आमचं गाव पुसदच्या पुढं, उमरखेडच्या अंगाला. कपाशी, सोयाबीन सगळेच करतात, आम्ही थोडी हळदही करतो. निघालेली हळद उकडून, वाळवून बाजारात जाते. त्यातले जाड जाड गड्डे मात्र बेणं म्हणून मागं ठेवायचे आणि लागवडीआधी औषधाच्या पाण्यात बुडवून सावलीत सुकवायचे. कीड लागू नये, सडू नये म्हणून. हे काम दरवर्षी शेतातल्या कोठ्यावर, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, व्हायचं. त्या वर्षी वादळात कोठ्याची टिनं उडाली, म्हणून बेणं घरामागच्या छपरीत येऊन पडलं होतं. औषध लावायला अजून चार दिवस आहेत, असं मी धरून चालले होते.

बुद्धपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती आणि सासऱ्यांचा घसा पार बसला होता. विहारात वंदना तेच सांगतात, मागून सगळं गाव म्हणतं. सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा ते ओसरीत बसून हळूच म्हणून बघत होते. एक ओळ व्हायची आणि आवाज फाटायचा. खोकायचे, पाणी प्यायचे, पुन्हा सुरू. मी झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं. आत गेले, बाहेर आले. माझं काय जातं, खोका म्हणावं! पण जिवाला स्वस्थता म्हणून नव्हती. मेला तो खोकला माझ्याच छातीत चालला होता जसा काही.

थोड्या वेळानं ते भिंतीला काहीतरी सांगायला लागले. मी लगेच मिक्सर लावला. चटणी कधीचीच झाली होती, तरी भांडं फिरवत राहिले. त्यांचं सांगून होईपर्यंत बंद केला नाही. जिरली, म्हटलं.

तासाभरानं मात्र माझाच हट्ट विरघळला. हळदीचा चहा करावा असं मनानं घेतलं. डब्यात हळदपूड होती, पण म्हटलं करायचंच तर नीट करू, ओल्या हळदीनं घसा लवकर सुटतो. छपरीतून दोन चांगले गड्डे उचलून आणले. वरून पांढुरकं काहीतरी होतं. मला वाटलं, वाळलेली माती. नळाखाली घासघासून धुतले, साली काढल्या, किसले. बोटं पिवळीधम्मक झाली. आलं ठेचून टाकलं, मिरे, गवती चहाची पात, गुळाचा खडा. अर्धं पाणी आटेपर्यंत उकळू दिलं. घरभर आल्याचा आणि गवती चहाचा वास सुटला.

दोन कप गाळले. माझा ओट्यावर ठेवला आणि त्यांचा घेऊन मी ओसरीत गेले. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. बशीत कप वाजत होता. "घशाले बरं वाटन," मी खिडकीकडे बघून बोलले. त्यांनी एक घोट घेतला आणि थांबले. माझ्याकडे बघितलं. मग बाकीचा सगळा एका दमात पिऊन कप परत दिला.

मी आत येऊन कप विसळत होते तर सासरे मागोमाग स्वयंपाकघरात. कधी पाऊल न टाकणारा माणूस! ओट्यावरचा माझा कप उचलला आणि सरळ मोरीत ओतला. पातेल्यात उरलेलाही ओतला. माझ्याकडे न बघता निघून गेले. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. एवढा अपमान? आपण होऊन चहा नेऊन दिला, तर सुनेनं सोबत प्यायचाही नाही? भांडी आदळली, एक वाटी चेपली. आता ह्या माणसाशी मरेपर्यंत बोलणार नाही, असं मी शेगडीला सांगून टाकलं.

दुपारच्याला नवरा शेतातून आला. मोरीजवळच्या साली बघून म्हणाला, "हे कुठचे गड्डे व?"

"छपरीतले. मामाजीले चहा करून देल्ला."

त्याचा चेहराच उतरला. "अवं, त्याले आज पहाटंच, तू उठाच्या आधी औषध लावलं ना! मजूर उद्या भेटत नव्हते. बाबाले म्हनलं होतं तुले सांगाले. सांगतलं नाही काय त्यायनं?"

सांगितलं होतं. भिंतीला सांगितलं होतं, आणि मी मिक्सर लावला होता. ओसरीत धावले तर सासरे भिंतीला टेकून बसले होते, कपाळावर घाम, हात पोटावर. "काही नाही झालं," म्हणाले, पण आवाज कुठला! घोगरा होताच, आता खोलही गेला होता.

लेकीला फोन लावला. मला धड बोलता येईना. ती म्हणाली, "आई, रडू नको, ऐक. जबरदस्तीनं उलटी नको करवू. औषधाचं पाकीट संग घे अन् सिधं दवाखान्यात जा. आत्ताच्या आत्ता." ज्या शिक्षणावरून घर फुटलं होतं तेच फोनमधून बोलत होतं, पण तेव्हा मला ते सुचायलाही जागा नव्हती.

एका मोटारसायकलवर आम्ही तिघं. पुढं नवरा, मधे सासरे, मागं मी, एका हातात पाकिटाची पिशवी आणि दुसरा हात त्यांच्या कमरेभोवती. वाटेत त्यांना एकदा ओकारी झाली. ऊन असं की डांबर चिकटत होतं. मी त्यांच्या पाठीला "मामाजी, मामाजी" म्हणत होते आणि नवऱ्यावर ओरडत होते, "पळव ना गाडी! झोपला काय?"

पुसदच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पाकीट वाचलं, नाडी बघितली, सलाईन लावलं. गड्डे धुतले होते का, साल काढली होती का, किती प्यायले, सगळं विचारलं. मग म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघू, आत्ता काही सांगता येत नाही. ती दुपार मी कशी काढली ते माझं मला माहीत. बाकावर बसवेना. नळापाशी जायची, दारापाशी यायची, सिस्टरला विचारायची, तिनं झापलं की पुन्हा नळापाशी. हात साबणानं तीनदा धुतले तरी बोटांची पिवळाई जाईना. माझ्या हातानं माणूस मारला, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

ऊन कलल्यावर डॉक्टर म्हणाले, "साल काढली होती म्हणून निभावलं. धोका नाही आता." नवरा मटकन खाली बसला. मी आत गेले. सासरे डोळे उघडे ठेवून पडले होते. जीव भांड्यात पडला, आणि मग असा संताप आला!

"मामाजी, तुमाले समजलं नाही काय वासानं?"

"समजलं ना," ते म्हणाले. "पयल्याच घोटात. सारं आयुष्य तेच कालवून राह्यलो मी."

"मंग पेले काहून? माह्या कप मोरीत ओतला, अन् आपला पेले?"

"तू आपल्या हातानं आणून देल्लं होतं."

"फेकाचं ना मंग! मले शिव्या द्याच्या, बोंबलाचं!"

"तुले समजलं असतं मंग," ते छताकडे बघत म्हणाले. "सासऱ्याले आपन औषध पाजलं म्हणून. तू जल्मभर सोताले खाल्लं असतं, बाई. तुह्या सोभाव मले माहीत नाही काय?"

"आन् मेले असते तं?"

त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. "तरी नसतं सांगतलं."

मी त्यांच्या उशाशी डोकं टेकवलं आणि सगळा वॉर्ड बघत असताना मोठमोठ्यानं रडले.