शोभनावहिनींची अर्धी भिंत

सौदीतल्या रास अल खैरला समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटवर कमलाकर सावे एकवीस वर्षं आहेत. माणूस गुळाचा गणपती. दोष एकच, वर्षाची सुट्टी त्यांची स्वतःची कधी नसते. पालघरहून थोरले बंधू भाऊसाहेब फोन करतात, हे "बरं दादा" म्हणतात, आणि शोभनावहिनी सुट्टीभर कुणाच्या तरी लग्नात वाढायला उभ्या राहतात.

वहिनींचं मागणं एवढंच होतं की ग्रीसमधल्या ऱ्होड्सच्या जुन्या तटबंदीवरून एकदा चालायचं. समुद्राकाठची, पाच-सहाशे वर्षांची, अजून धडधाकट भिंत. वहिनींचे गुडघे मात्र धडधाकट राहिले नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, जिने आता विसरा. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

यंदा कमलाकरांनी एक्झिट-रीएंट्री, म्हणजे सौदीबाहेर जाऊन परतायचा परवाना, काढली, युरोपचा व्हिसा काढला. शेजारच्या क्वार्टरमधले आम्ही नवरा-बायकोही बरोबर गेलो. हॉटेलात त्यांची बॅग उघडली, तर आत सहा किलो खजूर, बदाम, बामच्या बाटल्या, अत्तरं आणि दोन टॉर्च. सुट्टी म्हटलं की पालघरच्या नातेवाइकांसाठी बॅगेत हेच भरायचं, हाताला वळणच तसं पडलेलं. वहिनींचा गुडघ्याचा पट्टा तेवढा घरी राहिला होता.

"इथंही सगळं सासर घेऊन आलात," एवढंच वहिनी बोलल्या. मला आलेलं हसू मी गिळलं. कमलाकरांचा मनापासून रागही आला.

सकाळी वेशीतून आत शिरलो. गोट्यांच्या फरसबंदीच्या गल्ल्या, दगडी कमानी, उंबऱ्याउंबऱ्यावर मांजरं. वहिनी एकेक पायरी थांबत तटावर चढल्या. दुखतंय का विचारलं, की "छे" म्हणायच्या. खाली कौलं नि घुमट, पलीकडे निळंशार पाणी.

अर्ध्या वाटेवर फोन वाजला. भाऊसाहेब. धाकट्या पुतण्याचा साखरपुडा अचानक ठरला होता.

"सुट्टीवर आहेसच, तर शुक्रवारपर्यंत दोघं या. तिथून विमान मिळेलच की."

फोन स्पीकरवर होता. वहिनी कठड्याला टेकल्या. उत्तर काय येणार, हे आम्हाला पाठ होतं.

कमलाकरांनी घसा खाकरला. "दादा, जमणार नाही. शोभनाची अर्धी भिंत राहिलीय."

"कसली भिंत?"

"तिला चालायचंय ती. मी तिच्याबरोबर आहे."

या वेळी भाऊसाहेबच म्हणाले, "बरं."

वहिनींनी फोन घेतला, बंद करून आपल्या पर्समध्ये टाकला.

"आता धरा मला," त्या म्हणाल्या. "गुडघा फार दुखतोय."